धास्तीचा काटा

लालासाहेब थोरात गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता आणि उज्ज्वलाताई डुबल त्याच्या डोक्याशी उभ्या राहून त्याला त्याचंच काम शिकवत होत्या. गाड्यांना मीटर बसवण्यात लालासाहेबची वीस वर्षं गेली होती, पण उज्ज्वलाताईंपुढे त्याचा इलाज नव्हता. कराडच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेली बाई. माइकवरून त्यांनी ‘चिपळूण गाडीचे चालक असतील तिथून यावे’ म्हटलं की चालक खरोखरच असेल तिथून यायचा, तोंडातला घास गिळायचीही वाट न बघता.

“वायर अशी लोंबती ठेवू नकोस. पायात येईल.”

“वैनी, अजून बसवायची हाय ती. जरा दम धरा की.”

बसवायचं होतं त्या वस्तूचं कागदोपत्री नाव ‘सहप्रवासी स्वास्थ्यदर्शक’. गावात सगळे त्याला धास्तीचा काटा म्हणत. वाटीएवढा गोल पडदा, त्यावर शून्य ते शंभर आकडे आणि एक काटा. चाळीसपर्यंत हिरवा पट्टा, साठपर्यंत पिवळा, पुढे लाल. काटा खरा नव्हताच, पडद्यावर उजेडाने काढलेला होता. पण हलताना जुन्या मीटरच्या काट्यासारखा थरथरायचा, म्हणून लोकांना तो आवडला होता.

त्यामागचं तत्त्व साधं होतं. हृदयाचा प्रत्येक ठोका रक्ताला वर ढकलतो, तेव्हा सगळं शरीर केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण खाली दाबलं जातं. आसनाखाली सरकवलेली पातळ पट्टी तो दाब टिपते. श्वासाची लय टिपते, आणि मांड्यांचे स्नायू आवळले की तेही टिपते. आणखी एक पट्टी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेली असते. ती फक्त रस्त्याचे हादरे मोजते. पहिल्या मापातून दुसरं वजा केलं की उरतो तो माणूस. चेहरा हसरा ठेवता येतो, मांड्यांना तसं सांगता येत नाही.

हा शोध आधी बिनचालकी गाड्यांसाठी लागला होता. पण अभ्यास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की शेजारी बसलेल्या माणसाचं शरीर हाच चालकाचा सगळ्यात चोख परीक्षक असतो. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर चालकाला पत्ता नसतो, पण शेजारच्याच्या पोटात गोळा आलेला असतो. मग नियम आला. एव्हाना बहुतेक गाड्या आपल्या आपण चालत होत्या. साठी ओलांडल्यावरही ज्याला हाताने गाडी चालवत घाट उतरायचा असेल, त्याने घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून परीक्षा द्यायची. सबंध घाटात शेजारच्याची धास्ती सरासरी चाळीसच्या आत राहिली तर घाटपरवाना. नाही राहिली तर पुन्हा दोन वर्षांनी या.

उज्ज्वलाताईंची साठी मागच्याच महिन्यात झाली होती.

आता यांना घाटाचं एवढं काय, असं कुणी विचारलं तर त्या चिडत. तीस वर्षं त्यांनी चिपळूणच्या गाड्या सोडल्या आणि स्वतः कुंभार्ली घाट उतरल्या त्या फक्त दोनदा, दोन्ही वेळा वऱ्हाडाबरोबर, दोन्ही वेळा झोपेत. निवृत्तीनंतर त्या हट्टाने गाडी शिकल्या आणि इथेनॉलवर चालणारी ही जुनी मोरपंखी गाडी घेतली. बिनचालकी गाडी चिपळूणला नेते, पण मध्ये थांबत नाही. हेळवाकच्या पुढे ढग रस्त्यावर उतरला की उज्ज्वलाताईंना गाडी कडेला घेऊन त्यात उभं राहायचं होतं. जगात एवढी एकच गोष्ट त्यांना स्वतःसाठी हवी होती, आणि परीक्षा महिन्यावर आली होती.

शेजारी बसणार होते त्यांचे यजमान. सुहासराव हे निवृत्त चित्रकला शिक्षक, अबोल, शेंगदाणे खात खिडकीतून बघत बसणारे. त्यांनी स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पण त्यांना एक खोड होती, कुठल्याही वाहनात बसले की उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबायचे. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतही दाबला होता.

लालासाहेबने पट्ट्या पुढच्या दोन्ही आसनांखाली घातल्या, कारण घरातली माणसं जागा अदलाबदल करतात. कोण कुठे बसलंय हे यंत्र ठोक्यावरून ओळखायचं; प्रत्येक हृदयाच्या ठोक्याला त्याचं असं वळण असतं, हस्ताक्षरासारखं. ती ओळख पटवण्यासाठी दोघांनी पडद्यावर दोन-दोन मिनिटं अंगठा ठेवायचा होता.

“आधी साहेब या,” लालासाहेब म्हणाला. सुहासरावांनी अंगठा ठेवला.

“आता वैनी.” वैनींनी ठेवला. लालासाहेबने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा स्वतः घेतला.

*

पहिल्या चकरेला त्या ओगलेवाडीपर्यंत गेल्या. सरळ, सपाट रस्ता. काटा बाविसावर. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला, काटा पंचावन्न. ट्रॅक्टर गेला, काटा तीस.

“अहो, मी सावकाश चालवतेय ना?”

“हो की.”

“मग घाबरताय कशाला?”

“मी? मी शेंगदाणे खातोय.”

“काटा काय म्हणतोय बघा.”

सुहासरावांनी काट्याकडे बघितलं, हातातल्या शेंगदाण्यांकडे बघितलं आणि आणखी एक तोंडात टाकला.

काटा येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, पण कराडात त्याने चांगलीच धमाल उडवली होती. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पोह्यांनंतर मुला-मुलीने गाडीतून एक चक्कर मारून यायची पद्धत पडली होती, आणि मुलीकडचे मुलाच्या पगाराआधी मुलीचा आकडा विचारत. एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने स्वतःची सरासरी गाडीच्या मागच्या काचेवर रंगवून घेतली होती. शनिवार पेठेतल्या एका आजींनी तर मुलाच्या गाडीत बसायचंच सोडून दिलं होतं. सुनेच्या गाडीत अठरा आणि मुलाच्या गाडीत एकसष्ट, हे काट्याने सगळ्या घरासमोर सांगितल्यावर त्या तरी काय करणार! आणि सून त्या दिवसापासून गुणगुणतच स्वयंपाक करत होती.

उज्ज्वलाताईंच्या घरात मात्र त्या काट्याने अबोला आणला. घाटाच्या शिकाऊ परवान्यावर सराव करायला मुभा होती. पहिल्या शनिवारी त्या पाटण, कोयनानगर करत हेळवाकला पोचल्या आणि घाट उतरायला लागल्या. पहिल्याच वळणावर काटा एकावन्न, दुसऱ्यावर त्रेसष्ट. दरीच्या बाजूचं वळण आलं तेव्हा तो बहात्तरवर जाऊन थरथरत उभा राहिला. उज्ज्वलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि नवऱ्याला गदागदा हलवलं.

“पस्तीस वर्षं संसार केला तुमच्याबरोबर. एका वळणापुरता विश्वास नाही माझ्यावर?”

सुहासराव दचकले. “काय झालं?”

“बहात्तर झालं! स्पष्ट सांगा, बसायचं नसेल तर नका बसू. मी माझ्या बहिणीला बसवते.”

सुहासरावांनी डोळे चोळले. काट्याकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं; स्टिअरिंगवर बोटं पांढरी पडली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची ही उघडून मिटायची सवय उज्ज्वलाताईंना पस्तीस वर्षांत कधीच सहन झाली नव्हती. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या शनिवारी हेळवाकच्या अलीकडे सुहासराव आपणहून बोलले, हा प्रसंग दुर्मीळच.

“उज्ज्वला, तू म्हणतेस ते खरं आहे. मला घाटाची भीती वाटते. छातीत धडधड होते.”

“अहो मग आधी नाही का सांगायचं!”

“आता सांगतोय. तू आपली बोलत राहा. तू बोललीस की बरं वाटतं मला.”

उज्ज्वलाताईंचा राग कुठल्या कुठे गेला. घाबरलेला माणूस समोर आला की त्यांना काय करायचं ते बरोबर कळायचं. स्टँडवर चुकलेली पोरं, गाडी सुटलेल्या म्हाताऱ्या, पहिल्यांदा सासरी निघालेल्या पोरी, सगळ्यांना त्यांनी त्या काचेच्या केबिनमधून धीर दिला होता. त्यांनी घसा साफ केला आणि माइकचा आवाज लावला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी आता डाव्या वळणावर येत आहे. दुसरा गिअर टाकलेला आहे. घाबरू नका, मी आहे ना.”

काटा अठ्ठावन्नवरून खाली आला. बावन्न. सेहेचाळीस.

“समोरून ट्रक येत आहे. त्याला वाट देण्यात येत आहे. घाबरू नका, मी आहे ना.”

एकेचाळीस. उज्ज्वलाताईंना आनंदाने टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात मोकळे नव्हते. पोफळीला चहा घेताना त्यांनी नवऱ्याला स्वतःच्या ताटलीतलं एक भजं जास्त दिलं. तिसऱ्या शनिवारी सरासरी त्रेचाळीस आली, चौथ्या शनिवारी सदतीस. “तुम्हाला बरं वाटतंय ना आता?” त्या दर दोन वळणांनी विचारायच्या, आणि सुहासराव मान हलवायचे. ते वहीत काहीतरी काढत असायचे. भीती घालवायला काढतात बिचारे, असं उज्ज्वलाताईंना वाटायचं.

*

परीक्षेच्या दिवशी हेळवाकच्या नाक्यावर निरीक्षक परवीन मुल्ला वाट बघत होत्या. पस्तिशीची, चटपटीत बाई. हातात तपासणीचं छोटं यंत्र. त्यांनी पट्ट्या तपासल्या, सांगाड्यावरचा बोल्ट हलवून पाहिला, दोघांना आपापल्या जागी बसवलं आणि यंत्र काट्याला जोडलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“गाडी कोण चालवतं?”

“मी,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

“नेहमी तुम्हीच?”

“यांनी सायकलसुद्धा लग्नाआधी सोडली.”

“मग हे उलटं आहे मॅडम. या काट्यात चालक म्हणून सरांच्या ठोक्याची नोंद आहे आणि सहप्रवासी म्हणून तुमच्या. हा काटा एवढे दिवस तुमची धास्ती दाखवतोय.”

उज्ज्वलाताईंना क्षणभर काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. ‘आधी साहेब या. आता वैनी.’ पहिला अंगठा चालकाचा. गाडी आहे म्हणजे ती साहेबच चालवणार, वैनी शेजारी बसणार, हे लालासाहेबने इतकं गृहीत धरलं होतं की विचारायचंही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ट्रॅक्टरचे पंचावन्न त्यांचे होते. दरीवरचे बहात्तर त्यांचे होते. आणि ज्या माणसाला त्यांनी गदागदा हलवलं होतं...

“नियमाप्रमाणे मला नोंद दुरुस्त करावी लागेल,” मुल्लाबाई म्हणाल्या. “त्याला दहा मिनिटं लागतील. परीक्षा आजच होईल. आता काटा सरांची धास्ती दाखवेल.”

उज्ज्वलाताई गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. सुहासराव मागोमाग आले.

“त्या पहिल्या शनिवारी काटा बहात्तरवर होता तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

सुहासरावांनी तोंड उघडलं, मिटलं आणि या खेपेला पुन्हा उघडलं. “झोपलो होतो.”

“घाटात?”

“ऊन छान होतं. डोळा लागला.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं.”

“झोपलेल्या माणसाचे बहात्तर कसे होतील? मग कुणाचे, ते तुझ्या बोटांकडे बघून कळलं.”

“मग सांगितलं का नाहीत? भीती वाटते म्हणून खोटं का बोललात? तीन आठवडे मी तुम्हाला लहान पोरासारखं समजावतेय!”

सुहासराव दरीकडे बघत म्हणाले, “तुला सांगितलं असतं, की अगं, तूच घाबरतेस, तर तू त्याच दिवशी किल्ली ठेवून दिली असतीस. मी ओळखतो तुला. दुसरा घाबरला की तू वाघीण होतेस, पण स्वतःला धीर देताना मी तुला कधी पाहिलं नाही. म्हणून म्हटलं, तू मला दे. मी तुझ्यापर्यंत पोचवतो.”

उज्ज्वलाताईंना राग आला होता, तो खराच होता, आणि त्याच्याखालून आणखीही काही वर येत होतं. तीस वर्षं त्यांनी लाखो माणसांना गाड्यांत बसवून दिलं. आपल्याला कुणी बसवून दिलंय हे त्यांना आज समजत होतं.

“आणि आज ही चूक पकडली जाईल हे माहीत होतं?”

“नाही. ते मात्र माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तुझी सरासरी सदतीस आली, निभून जाईल.”

“आणि आता तुमची किती येणार?”

“ते मला तरी काय माहीत?” सुहासराव पहिल्यांदाच थोडे अस्वस्थ दिसले. “मांड्यांचं काही सांगता येत नाही.”

*

मुल्लाबाई मागच्या आसनावर बसल्या. नव्या नोंदीचा काटा उजळला आणि शून्यापासून हळूहळू वर सरकू लागला. उज्ज्वलाताईंनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. आता धीर द्यायला कुणी घाबरलेलं नव्हतं, म्हणजे होतं, पण ते त्या स्वतःच होत्या. पहिलं वळण दिसलं. त्यांनी घसा साफ केला.

“उज्ज्वला डुबल यांनी लक्ष द्यावे,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. “डावं वळण आहे. दुसरा गिअर टाकावा. घाबरू नका, मी आहे ना.”

मागून मुल्लाबाईंनी मान वर केली. वळण गेलं. दुसरं गेलं. दरीच्या बाजूचं वळण आलं आणि उज्ज्वलाताईंना दिसलं की ढग तिथे उतरलाय आणि ढगात एक बिनचालकी ट्रक दिवे लुकलुकत उभा आहे. त्याच्यासमोर चार म्हशी बसल्या होत्या. ट्रक हॉर्न वाजवायचा, थांबायचा, पुन्हा वाजवायचा. म्हशी ऐकून घेत होत्या. मागे जायची परवानगी ट्रकला नव्हती आणि म्हशींना तसा विचार नव्हता.

उज्ज्वलाताईंनी गाडी थांबवली, आरसे पाहिले, वीस फूट मागे घेऊन भिंतीच्या बाजूला लावली आणि मागचे दिवे लुकलुकते ठेवले, म्हणजे पाठून येणाऱ्याला आधीच दिसावं. मग काच खाली केली आणि ठेवणीतला आवाज लावला.

“फलाट क्रमांक तीनवरच्या म्हशींनी ताबडतोब रस्ता मोकळा करावा!”

तो आवाज दरीत जाऊन परत आला. म्हशींना मराठी कळत होतं की नाही कोण जाणे, पण पहिली उठली, मग तिच्यामागे बाकीच्या उठल्या, आणि शेपट्या हलवत उतारावर निघून गेल्या. ट्रक आभार मानल्यासारखा एक दिवा लावून पुढे सरकला. शेजारून एक आवाज आला, म्हणून उज्ज्वलाताईंनी न राहवून वळून पाहिलं. सुहासराव पोट धरून हसत होते, आणि त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक घट्ट दाबून होता.

पोफळीला गाडी थांबली तेव्हा मुल्लाबाईंनी यंत्राकडे बराच वेळ बघितलं.

“सतरा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात जास्त चोवीस, आणि ते हसण्याचे आहेत. मॅडम, माझ्या अम्मी माझ्या शेजारी बसतात तेव्हा तेहतीसच्या खाली येत नाहीत.” त्यांनी परवाना काढून हातात दिला. “सर, तुम्ही खरंच घाबरत नाही का यांच्या गाडीत?”

“नाही,” सुहासराव म्हणाले. “आणि बाकीच्या सगळ्या गाड्यांत घाबरतो.”

उज्ज्वलाताईंनी परवाना पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढून वाचला आणि पुन्हा ठेवला. तेव्हा वही त्यांच्या मांडीवर आली. सुहासरावांनी चार शनिवारांची चित्रं काढली होती, सगळी एकाच गोष्टीची. स्टिअरिंगवरचे दोन हात. पहिल्या पानावर बोटं आवळलेली, शिरा ताठ. पानागणिक ती सैल होत गेली होती. शेवटच्या पानावर हात नुसते ठेवलेले होते, पोळी लाटताना लाटण्यावर असतात तसे सहज.

मुल्लाबाई पोफळीलाच उतरल्या, आणि परतताना दोघं पुन्हा वर आली, हेळवाकच्या अलीकडे घाटमाथ्यावर, जिथे ढग रस्त्यावर होता. उज्ज्वलाताईंनी गाडी कडेला घेतली, खाली उतरल्या आणि ढगात जाऊन उभ्या राहिल्या. चेहरा ओला झाला, चष्मा पांढरा झाला. त्यांना काहीच दिसत नव्हतं आणि त्या मोठ्याने हसत होत्या. सुहासरावांनी गाडीतून शाल आणून दिली. ती त्यांनी घेतली नाही.

गाडीत येऊन बसल्यावर त्यांनी चष्मा पुसला. काटा अकरावर निवांत उभा होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

“अहो.”

“काय?”

“इथून कोयनानगरपर्यंत रस्ता सरळ आहे. रहदारी नाही. उद्या शिकाऊ परवाना काढू, आणि पुढच्या शनिवारपासून गाडी तुम्ही चालवायची. मी शिकवते.”

सुहासराव काही बोलले नाहीत. काटा बोलला. तेवीस, एकेचाळीस, अडुसष्ट करत तो लाल पट्ट्यात शिरला आणि सत्त्याऐंशीवर जाऊन थरथरू लागला.

उज्ज्वलाताईंनी सावकाश गाडी सुरू केली, डावा हात नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि घसा साफ केला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका. मी आहे ना.”

आणि काटा खाली यायला लागला.